आई, आम्ही आणि मराठी सिनेमा

संपादक महोदय,

आम्ही काही दर्दी प्रेक्षक नाही. वर्षातून दोन-तीन सिनेमे, तेही सगळ्या घराने मिळून. पण २०२३ साली 'बाईपण भारी देवा' पाहिला त्या दिवसाचा विषय घरात अजून निघतो. आईने कित्येक वर्षांत थिएटरची पायरी चढलेली नव्हती. गुडघ्यांमुळे नको नको म्हणत होती. पडद्यावर सहा बहिणी मंगळागौर खेळायला उभ्या राहिल्या आणि अंधारात माझ्या शेजारी तिच्या बांगड्या वाजू लागल्या. पाहिलं तर पदर खोचून बसल्या जागी ठेका धरलेला! घरी परतताना रिक्षात तिने माहेरच्या जागरणाच्या अशा गोष्टी सांगितल्या, ज्या मी पन्नाशीला आलो तरी कधी ऐकल्या नव्हत्या.

त्याआधी २०१८ च्या दिवाळीनंतर आई-मुलाच्या नात्यावरचा 'नाळ' पाहिला होता. तेव्हा तिसरीतला मुलगा बाहेर पडल्यावर काही बोलला नाही, फक्त आपल्या आईचा, म्हणजे माझ्या बायकोचा, हात घट्ट धरून चालत राहिला. मला 'नाळ' हा सिनेमा 'बाईपण भारी देवा'हून मोठा वाटतो.

अलीकडे मात्र आमच्या शहरात मराठी सिनेमाला सकाळी अकराचा नाही तर रात्री साडेदहाचा खेळ मिळतो. कामाच्या दिवशी सकाळी कोण मोकळं असतं? आणि म्हाताऱ्या आईला घेऊन रात्री एकला परतायचं कसं? थिएटरवाल्यांनी निदान शनिवार-रविवारी संध्याकाळी सहाचा एक खेळ मराठीसाठी ठेवावा, ही कळकळीची विनंती. आई नव्या सिनेमाची जाहिरात दिसली की वेळ विचारते.

– एक प्रेक्षक, सातारा