पिवळ्या पट्टीचा हिशेब मागणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

तुम्ही निघालात तेव्हा मी आभार मानायला आलो होतो. "आधी रीडिंगच्या शीटवर सही करा," म्हणून तुम्ही विषयच संपवलात. सही झाली, तुम्ही गेलात आणि आभार राहून गेले. ते आता मानतोय. पत्र जाहीर लिहितोय, कारण त्या दोन दिवसांत जे कळलं ते उद्या ज्याच्या अंगावर सेफ्टी लेझर स्कॅनर (माणूस जवळ आला की लेझरने ओळखून मशीन थांबवणारं उपकरण) बसवायचं काम पडेल त्यालाही हवंच आहे. माझ्या चुका झाकून आभार मानले तर ते अर्धेच होतील, म्हणून त्याही लिहितो. हसू नका.

तुम्ही स्कॅनर तपासायला आलात तेव्हा आमच्या हिशेबाने काम झालेलं होतं. पॅलेटायझिंग रोबोटच्या (पॅलेटवर खोकी रचणाऱ्या यंत्राच्या) कोपऱ्यातल्या खांबावर, जमिनीपासून ३०० मिलिमीटरवर स्कॅनर लागला होता. हिरवा दिवा लागत होता, माणूस समोर आला की लाल होत होता, रोबोट थांबत होता. आता आणखी काय पाहिजे? आम्हाला फक्त तुमची सही हवी होती. तुम्ही लॅपटॉप उघडून प्रोटेक्टिव्ह फील्ड, म्हणजे माणूस शिरला की मशीन थांबतं तो पट्टा, पाहिलं आणि विचारलंत, "हे १५०० मिलिमीटर कुठून आले?"

मी जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीकडे बोट दाखवलं.

"आणि पट्टी कुठून आली?"

पट्टी आधीपासूनच होती. रंगवणाऱ्याला जिथे मोकळी जमीन दिसली तिथे त्याने ती ओढली होती. म्हणजे आमच्या माणसांच्या हातापायांचं अंतर एका रंगवणाऱ्याने ठरवलं होतं आणि मी ते मुकाट्याने सॉफ्टवेअरमध्ये भरलं होतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. पिशवीतून मोजायचं यंत्र काढायला लागलात, एवढंच.

मशीनबरोबर आलेल्या कागदांत थांबायचा वेळ ४०० मिलिसेकंद लिहिला होता. मी तो आकडा मोठ्या अभिमानाने दाखवला. तुम्ही विचारलंत, हा रिकाम्या ग्रिपरचा (रोबोटच्या पकडीचा) की भरलेल्या? नवीन ब्रेकचा की आत्ताच्या? मग पूर्ण वेग, पूर्ण वजन आणि हात सगळ्यात लांब ताणलेला, अशा स्थितीत तुम्ही दहा वेळा रोबोट थांबवलात. सहाव्या वेळेनंतर मी कंटाळलो होतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आठव्या वेळी ५६० आला. तुम्ही सरासरी काढली नाहीत, सगळ्यात मोठा आकडा उचललात. स्कॅनरला माणूस कळायला ८० मिलिसेकंद, सेफ्टी रिलेचे (स्कॅनरचा इशारा मशीनपर्यंत नेणाऱ्या स्विचचे) २०, मशीनचे ५६०. एकूण ६६०. माणूस चालत येतो तो सेकंदाला १६०० मिलिमीटर धरायचा, म्हणजे लाल दिवा लागून मशीन खरोखर निपचित पडेपर्यंत तो १०५६ मिलिमीटर आत आलेला असतो.

इथपर्यंत मला कळत होतं. १५०० मधून १०५६ गेले तरी जवळजवळ अर्धा मीटर शिल्लक राहतो, असा मी मनात हिशेब करून खूशही झालो होतो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "इकडे या. बुटाचं टोक पट्टीला लावा. आता पुढे वाका आणि हात लांब करा."

मी वाकलो. बूट पट्टीवर आणि बोटं पट्टीच्या मीटरभर पुढे. तुम्ही जमिनीवर टेप पसरून मला वाकलेला तसाच ठेवलात. मला वाटतं, जरा जास्तच वेळ ठेवलात. स्कॅनर नडगीच्या उंचीवर बघतो. त्याला पाय दिसेपर्यंत हात कुठल्या कुठे पोहोचलेला असतो. फील्ड किती लांब हवं ते काढायच्या सूत्रात शेवटी जी जादाची रक्कम असते ती या हाताची: १२०० वजा फील्डच्या उंचीच्या ०.४ पट, आणि कितीही झालं तरी ८५० च्या खाली नाही. आमचं फील्ड ३०० वर, म्हणून १०८०. हे सूत्र आयएसओ १३८५५ या सुरक्षित अंतराच्या मानकाच्या २०१० च्या आवृत्तीतलं. (२०२४ मध्ये नवी आवृत्ती आली आहे, नवं काम काढणाऱ्याने तीच उघडावी.) मी ते पूर्वी वाचलं होतं, पण ती रक्कम कुणीतरी सावधगिरी म्हणून चिकटवलीय असं समजून सोडून दिलं होतं. वाकल्यावर पाठीला कळलं.

१०५६ आणि १०८० मिळून २१३६, त्यात स्कॅनरच्या मोजण्यातल्या चुकीसाठी १००. झाले २२३६. आम्ही २२५० धरले. माझी पट्टी पाऊण मीटर कमी होती. कागदावरचे ४०० मिलिसेकंद धरले असते तरी १९८० यायला हवे होते, म्हणजे त्या कागदाच्या आडही मला लपता येत नाही.

एक गोष्ट मी तुम्हाला दुपारी सांगितली, सकाळी सांगण्याचा धीर झाला नव्हता. पुठ्ठ्याची धूळ उडते म्हणून स्कॅनर उगाचच ट्रिप व्हायचा, म्हणजे माणूस नसताना मशीन थांबवायचा. त्यावर इलाज म्हणून मी मल्टिपल सॅम्पलिंग दोनवरून पाचवर नेलं होतं. म्हणजे लागोपाठ पाच फेऱ्यांत काही दिसलं तरच 'माणूस' म्हणायचं. ट्रिपिंग थांबलं आणि मला शाबासकीसुद्धा मिळाली. आमच्या स्कॅनरची एक फेरी ४० मिलिसेकंदांची, म्हणजे तीन जादा फेऱ्यांचे १२० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात माणूस १९२ मिलिमीटर आणखी आत येतो. फील्ड मात्र मी तसूभरही वाढवलं नव्हतं. तुम्ही सेटिंग परत दोनवर आणलंत आणि धुळीचा बंदोबस्त धूळ जिथून येते तिथे करायला लावलात. पुठ्ठ्याच्या स्टॅकजवळ सक्शन लावलं. हे आम्हाला आधी का सुचलं नाही, देव जाणे.

आता कोपऱ्याची गोष्ट. ती आठवली की अजून पोटात गोळा येतो.

तुम्ही मेन आयसोलेटर (मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद केलात, त्याला स्वतःचं कुलूप लावलंत आणि किल्ली खिशात टाकलीत. स्कॅनरला तेवढी वेगळी २४ व्होल्टची सप्लाय चालू ठेवली. मग काहीही न बोलता खांबाच्या मागून, जाळी आणि स्कॅनर यांच्यामधल्या फटीतून आत जाऊन उभ्या राहिलात आणि मला म्हणालात, "रीसेट दाबा." मी दाबला. दिवा हिरवा. तुम्ही आत, रोबोटच्या पल्ल्यात, हाताची घडी घालून उभ्या, आणि स्कॅनरच्या लेखी आत कोणीच नाही. आमच्या स्कॅनरची नजर २७० अंशांची. उरलेले ९० अंश त्याची पाठ असते, आणि आम्ही ती पाठ नेमकी माणसाच्या वाटेकडे केली होती. वर रीसेटचं बटण अशा जागी की तिथून पॅलेटच्या मागचं काही दिसत नव्हतं. मी बटण दाबताना तुमचा फक्त आवाज ऐकला होता, तुम्ही दिसत नव्हतात. त्या संध्याकाळी ब्रॅकेट कापून स्कॅनर कोपऱ्यात आत घेतला, फटीला पत्रा मारला आणि बटण बाहेर अशा ठिकाणी नेलं जिथून सगळा सेल (रोबोटची जाळीतली जागा) नजरेत येतो. आतून हात लांब करूनही ते लागू नये, हेही तुम्ही स्वतः हात लांब करून तपासलंत.

वायरिंगबद्दल थोडक्यात, कारण तिथे माझी लाज जास्त आहे. स्कॅनरला दोन सेफ्टी आउटपुट असतात आणि मी दोन्ही एकत्र करून पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) साध्या इनपुटला दिले होते. इनपुट मधूनच फडफडायचा. मला वाटलं केबलमध्ये नॉइज येतोय, म्हणून फिल्टर वाढवला. तो नॉइज नव्हता. आउटपुट स्वतःला तपासायला मिलिसेकंदाच्याही अंशभर बंद होऊन पुन्हा चालू होतात, त्या टेस्ट पल्स होत्या. स्कॅनर स्वतःची नाडी बघत होता आणि मी त्याचं तोंड दाबत होतो. आता दोन्ही चॅनेल वेगवेगळे सेफ्टी रिलेला जातात, पुढे दोन कॉन्टॅक्टर (मशीनची वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच), आणि त्यांचे बंद कॉन्टॅक्ट रीसेटच्या लूपमध्ये. कॉन्टॅक्टर चिकटला तर मशीन पुन्हा सुरूच होत नाही. त्या लूपमध्ये मी जंपर, म्हणजे ही तपासणी चुकवणारा वायरचा तुकडा, मारला होता. तुम्ही तो काढून माझ्या हातात ठेवलात. टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलाय.

आमच्या मुलांच्या शंकांना तुम्ही जी उत्तरं दिलीत त्याचे वेगळे आभार. एकाला डोळ्यांची भीती होती. तुम्ही त्याला लेबलवरचं 'क्लास १' दाखवलंत आणि आयईसी ६०८२५-१ या लेझर सुरक्षेच्या मानकाप्रमाणे नेहमीच्या वापरात हा लेझर डोळ्यांना धोक्याचा नाही, हे नीट समजावलंत. दुसरा म्हणाला, काळी पँट घातली तर दिसणार नाही. मलाही तेच वाटायचं. तुम्ही काळी मळकट टेस्ट रॉड काढलीत, ७० मिलिमीटर जाड, आणि सांगितलंत की आलेल्या प्रकाशापैकी जेमतेम १.८ टक्के परत पाठवणारा काळा पृष्ठभागही या स्कॅनरला दिसलाच पाहिजे, प्रोटेक्टिव्ह फील्डचा पल्ला त्यावरच ठरलेला असतो. आमच्याकडे त्रास उलटा निघाला, चमकणाऱ्या वस्तूंचा. फील्डच्या मागे खांबाला रिफ्लेक्टरची पट्टी होती. पुस्तिकेप्रमाणे तिच्यापायी आणखी २०० मिलिमीटर वाढवावे लागले असते. तुम्ही नखाने पट्टी खरवडून काढलीत. दोनशे मिलिमीटर वाचले.

आणि हो, कॉटन वेस्ट. मी ज्या वेस्टने ऑइल पुसतो त्यानेच स्कॅनरची पुढची काच पुसायला गेलो, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. ती काच नाहीच, प्लास्टिक आहे, आणि एकदा ओरखडे पडले की स्कॅनरला ते धुकं वाटतं. आता मऊ कापड आणि प्लास्टिकचा क्लीनर वेगळ्या डब्यात असतो. डब्यावर मी 'हात लावू नये' लिहिलंय, त्यामुळे सगळेच लावतात.

सगळ्यात मोठे आभार मात्र दुसऱ्या दिवशीच्या दुपारचे. फील्ड २२५० झालं आणि फोर्कलिफ्टच्या वाटेत गेलं. तासात चार वेळा लाइन थांबली. आमचे एक वरिष्ठ आले आणि म्हणाले, थोडं आत घ्या ना, आजवर काही झालंय का? मी त्यांच्यासमोर 'नाही' म्हणू शकलो नसतो. घरचं काम, रोजचा संबंध. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "तुम्ही मशीन लवकर थांबवून दाखवा, मी फील्ड लहान करते. दोन्ही आकडे एकमेकांना बांधलेले आहेत." ते बराच वेळ त्या शीटकडे बघत राहिले. मग दोन रॅक सरकले, फोर्कलिफ्टची वाट बदलली आणि बाहेरच्या बाजूला वॉर्निंग फील्ड आलं, माणूस जवळ आला की आधी भोंगा वाजतो. पासवर्ड तुम्ही दोघांनाच दिलात आणि कॉन्फिगरेशनचा चेकसम (सगळ्या सेटिंगवरून निघणारा ओळख-आकडा) शीटवर लिहून ठेवलात. उद्या कोणी गुपचूप फील्ड आत ओढलं तर चेकसम बदलेल आणि आम्हाला कळेल. मी दर सोमवारी ताडून बघतो.

गेल्या महिन्यात एक खोकं घरंगळत आत गेलं आणि एक मुलगा ते उचलायला धावला. भोंगा वाजला, त्याने लक्ष दिलं नाही. लाल दिवा, रोबोट थांबला. मुलाने खोकं उचललं, लाइन थांबवली म्हणून मशीनलाच दोन शिव्या दिल्या, बाहेर येऊन सगळीकडे नजर टाकून रीसेट दाबला आणि कामाला लागला. अर्ध्या मिनिटाचा प्रसंग, रजिस्टरमध्ये नोंदही नाही. मी मात्र पॅनेलला टेकून उभा राहिलो, पाय जरा लटपटत होते.

टेस्ट रॉड पॅनेलच्या बाजूला खिळ्यावर टांगलेली असते. पहिल्या पाळीचा ऑपरेटर रोज सकाळी ती नव्या पट्टीच्या कडेने फिरवतो आणि सही करतो. पुढच्या महिन्यात स्कॅनरची पुढची काच बदलायची आहे. बदलल्यावर कॅलिब्रेशन करायचं हे लक्षात आहे, तरी आदल्या दिवशी एक फोन करीन.

आणि तुमचा टेप इथेच राहिलाय. मला वाकवून ठेवलं होतंत त्या दिवशीचाच. १०८० वर पेनची खूण आहे, ती मी केलीय, माफ करा. कुठे पाठवायचा ते कळवा. दुसरा घेतला असेल तर हा ठेवून घेऊ का?

आपला कृतज्ञ,
दुसऱ्या पाळीचा मेंटेनन्सवाला