कनू खांद्यावर घ्यायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या बाउंड्री वॉटर्स या तळ्यांच्या रानात उन्हाळ्यात कनू, म्हणजे वल्ह्यांची लांबट हलकी होडी, घेऊन जाणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांची शाळा तुमच्या गॅरेजमध्ये भरली. हजाराहून जास्त तळी, बहुतेकांवर मोटारबोटीला बंदी, आत रस्ता नाही की पाटी नाही. तिथे आम्ही धडपणे फिरतो ते तुमच्यामुळे. हे आभार चारचौघांत मानायचे होते, आणि नव्याने निघणाऱ्यांच्या हाती तुमची शिकवण पडावी असंही वाटत होतं, म्हणून हे जाहीर पत्र.

सगळ्यात मोठं ऋण पोर्टेजचं. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना होडी आणि सामान वाहून न्यायची ती वाट नकाशावर रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ कनूच्या लांबीएवढा. 100 रॉड म्हणजे पाचशे मीटर, वाचताना किरकोळ वाटतं. पण सामान एका खेपेत गेलं नाही तर तीच वाट तीनदा तुडवायची: नेताना, रिकाम्या हाताने परतताना, पुन्हा नेताना. दीड किलोमीटर झाला, तोही दगड, मुळं आणि चिखलातून. हे गणित तुम्ही खडूने जमिनीवर मांडलंत आणि मग आमच्या पिशव्या वजनकाट्यावर ठेवल्यात. जीन्स, घडीच्या खुर्च्या, स्टीलचे डबे तिथेच बाहेर निघाले.

होडी उचलणं तुम्ही गवतावर वीस-वीस वेळा करून घेतलंत. केव्हलार या हलक्या, चिवट कृत्रिम धाग्याची कनू साधारण 42 पौंडांची, म्हणजे 19 किलोंची. ॲल्युमिनियमची 70 पौंडांच्या आसपास. मधल्या आडव्या दांडीला इंग्रजीत योक म्हणतात, तुम्ही पहिल्यापासून जू म्हणालात, आता आमची मुलंही जूच म्हणतात. मध्यावर उभं राहायचं, होडी कुशीवर, तळ आपल्याकडे. गुडघे वाकवून ती मांड्यांवर घ्यायची. एका हाताने पलीकडचा काठ, दुसऱ्याने अलीकडचा. मग मांड्यांनी हिसका देऊन एका झोकात डोक्यावरून फिरवायची आणि जू खांद्यांवर टेकवायचं. जोर पायांचा, कंबरेचा नाही. पुढचं टोक थोडं वर, म्हणजे वाट दिसते. जूच्या गाद्यांचे नट निघण्याआधी पिळून बघायचे, कारण ते वाटेत सैल झाले की होडी एका बाजूला कलते आणि मान धरते.

केव्हलारला खडक सोसत नाही. म्हणून टोक किनाऱ्यावर चढवायचं नाही. गुडघाभर पाण्यात उतरायचं, होडी तरंगत असतानाच रिकामी करायची. बूट भिजणारच. कोरडे मोजे फक्त तंबूतले, हा तुमचा नियम सोन्यासारखा आहे. आणि हातात सुटं काही धरायचं नाही: बाटली, टोपी, कॅमेरा, जे बांधलेलं नसतं ते पोर्टेजच्या टोकाला विसरतं.

परवान्याचं तुम्ही दरवर्षी जानेवारीतच बजावता. 1 मे ते 30 सप्टेंबर मुक्कामासाठी कोट्याचा, म्हणजे रोज ठरावीक गटांनाच मिळणारा, परवाना लागतो. ज्या तारखेचा आणि ज्या प्रवेशद्वाराचा, तिथूनच आत शिरायचं. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. आपण गोतावळ्याने फिरणारे. दहावा माणूस आला की दोन परवाने, आणि मग दोन्ही गटांनी पोर्टेजवरसुद्धा एकत्र यायचं नाही. परवाना घ्यायला ज्याचं नाव त्यावर आहे त्यानेच ओळखपत्र घेऊन जायचं.

काकूंचे वेगळे आभार, कारण खाण्याची बाजू त्यांची. आत डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या चालत नाहीत. तूरडाळ कुकरशिवाय शिजता शिजत नाही, गॅस मात्र संपतो. त्यांचं कोरडं पिठलं त्यावर उत्तम उपाय: चौघांसाठी 150 ग्रॅम बेसन मंद आचेवर खमंग भाजायचं, त्यात तिखट, मीठ, हळद, जिरेपूड आणि वाळवलेला लसूण. तिथे 600 मिलिलिटर पाण्यात आधी थंडच कालवायचं आणि मग चुलीवर ठेवायचं. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं तर गुठळ्या होतात. सोबत मेतकूट, भडंग, लसणाची चटणी. पाणी काठाजवळचं नको, आत जाऊन भरायचं आणि खळखळ उकळल्यावर मिनिटभर तसंच ठेवायचं, कारण पोट बिघडवणारा जिआर्डिया हा परजीवी डोळ्यांना दिसत नाही.

डासांबद्दल एवढंच: जून त्यांचा असतो. लहान मुलं असतील तर ऑगस्ट, तुम्ही म्हणालात तसंच. पाणीही तोवर कोमट होतं, आणि ब्लूबेरी असतात.

वाऱ्याबाबतचा तुमचा कडकपणा आम्हाला सुरुवातीला जाचक वाटला होता. मोठं तळं सकाळी लवकर, वारा उठायच्या आत ओलांडायचं. दुपारी लाटांना पांढरा फेस दिसला की काठावर बसून राहायचं, दिवस गेला तरी चालेल. समोरून वारा असेल तर सामान जरा पुढे सरकवायचं, नाहीतर हलकं टोक वाऱ्याबरोबर वळतं. लाइफ जॅकेट मोठ्यांच्याही अंगात आणि बंद बक्कलाने, कारण जूनमधलं पाणी हातपाय फार लवकर बधिर करतं. होडी उलटलीच तर तिला सोडायचं नाही. तुमच्या कडकपणामुळेच आम्ही मुलांना निर्धास्त मनाने तिथे नेतो.

अन्नाची पिशवी जमिनीपासून 12 फूट वर आणि खोडापासून 6 फूट लांब टांगायची, हेही तुमचंच. टूथपेस्ट आणि सनस्क्रीनसुद्धा तिच्यातच, अस्वलाला वास सारखाच. तेव्हा दिलेली तुमची ती पिवळी दोरी आमच्याकडेच राहिली आहे. धुऊन, वाळवून, वेटोळं करून ठेवली आहे. पुढच्या रविवारी आणून देतो, आणि काकूंना भाजलेल्या बेसनाचा डबाही.

तुमची,
शाळेतली सगळी कुटुंबं