स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना इथल्या कावालीर गाडीवाल्या दादांना

नमस्कार दादा,

दिवसभरात तुम्ही किती माणसं चढवता-उतरवता कोण जाणे, म्हणून आधी ओळख देते. मे महिन्यातला शनिवार, जुन्या गावाचं वरचं टोक. सुती सहावारी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज आणि हातात काठी ती माझी आई. ऊन असूनही कानटोपी न काढणारे ते बाबा. दोघं साताऱ्याचे. मागे पिशव्या सांभाळत बसले होते ती मी, हल्ली म्युनिकला असते. आम्ही हात केला आणि तुम्ही थांबलात.

आभार तेव्हाही मानले होते, पण ते गाडीतून उतरताना मानतात तसे. पोट भरलं नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्या त्या दोन मिनिटांचं आम्हाला एवढं का वाटलं, ते कळायला थोडं मागचं सांगावं लागेल. काही वर्षांपूर्वी आई-बाबांनी आयुष्यभराच्या बचतीतून एका टूर कंपनीचं ‘युरोप दर्शन’ केलं. नाव घेत नाही. हातात झेंडा घेतलेला टूर मॅनेजर, प्रत्येक गावात वीस मिनिटांचा फोटो स्टॉप, आणि उतरायला उशीर झाला की टाळ्या: ‘चला आजी, चला चला!’ आईचे दोन्ही गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. पहिल्या गावात त्याने तिला दंडाला धरून ओढून उतरवलं. दुसऱ्या गावात पुन्हा तेच. तिसऱ्या गावात म्हणाला, ‘आजी, तुम्ही बसमध्येच बसा ना. आम्ही फोटो दाखवतो तुम्हाला.’ आणि आई बसली. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. घरी आल्यावर ती त्यांना एवढंच म्हणाली, ‘नुसतं गाडीतच बसायचं होतं, तर तुमच्या फुकट पासावर बसले असते की.’ हसलो आम्ही. पण त्यानंतर ‘परत युरोप’ म्हटलं की ती गुडघ्याकडे बोट दाखवायची आणि विषय संपवायची.

यंदा दोघं माझ्याकडे आले, तेव्हा मी ठरवलं, पॅरिस नको, रोम नको. एखादी छोटीशी राजधानी. तीन लाखांच्या आतबाहेरची वस्ती, मधून संथ नदी, सगळं हाताशी. म्युनिकहून रेल्वेने सहा-एक तासांत तुमचं गाव. बघायची यादी केली नाही. शनिवार-रविवार नुसतं बसायचं, खायचं, वाटलं तर उठायचं.

एकच धास्ती होती. तुमच्या गावाचा गाभा २००७ पासून मोटारींना बंद होत गेला, हे वाचलं होतं. वाचायला छान वाटतं. पण ज्याला चालवत नाही त्याने काय करायचं? दगडी फरशीवर आईचे गुडघे किती वेळ टिकणार? तेवढ्यात तुमची ती विजेवर चालणारी ठेंगणी गाडी, कावालीर, आली. तिकीट नाही, थांबा नाही, हात केला की थांबते. रस्ते चालणाऱ्यांसाठी मोकळे करणारी शहरं बरीच आहेत. आमच्या पुण्यातही लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबरात एक दिवस पादचारी दिन करतात, उरलेल्या दिवसांबद्दल न बोललेलं बरं. पण मोटारी काढल्यावर ‘मग आजी बाजारात कशा येणार?’ हा प्रश्न तुमच्या नगरपालिकेत कुणाला तरी पडला. त्या माणसालाही माझा नमस्कार सांगा.

आता मुद्द्याचं. तीन पुलांपाशी तुम्ही गाडी थांबवलीत, उतरून वळसा घालून आईच्या बाजूला आलात. मला वाटलं, आता हिला धरून उतरवणार. आईलाही तेच वाटलं असावं, तिने खांदे आखडून घेतलेले मला मागून दिसले. तुम्ही तिला हातसुद्धा लावला नाहीत. कोपर दुमडून तिच्यापुढे धरलंत, आणि तोंड फिरवून नदीकडे बघत उभे राहिलात.

बस्स. एवढंच केलंत तुम्ही. पण तुम्ही तिच्या पायांकडे बघत नव्हता. चेहऱ्याकडेही नाही. ‘सावकाश’, ‘जपून’ असलं काही बोलला नाहीत. मागे दोन सायकलवाले येऊन थांबले, त्यांना मोकळ्या हाताने जरा थांबायची खूण केलीत, तीसुद्धा नदीवरची नजर न काढता. आईने आधी पर्स खांद्याला अडकवली. मग निऱ्या सारख्या केल्या. काठी खाली टेकवून बघितली, पटलं नाही, जागा बदलून परत टेकवली. एवढं सगळं झाल्यावर तिने आपल्या हाताने तुमचं कोपर धरलं आणि उतरली. उतरून सरळ उभी राहिली तरी तुम्ही हात काढून घेतला नाहीत. कधी सोडायचं तेही तिनेच ठरवलं.

दादा, आम्ही मुलं प्रेमाने करतो ना, तेही पुष्कळदा ओढणंच असतं. बखोटीला धरायचं, ‘ए आई, चल पटकन, सिग्नल सुटेल.’ दुखणं गुडघ्यात असतं आणि आपण माणसालाच सामान करून टाकतो. तिला ताटकळत ठेवणारे, घाई करणारे, कीव करणारे असे सगळे भेटले होते. तिला वेळ देऊन वर तिच्याकडे न बघणारे तुम्ही पहिले.

त्यानंतर आई जी सुटली! तीनही पूल चालून झाले. मधला जुना, १८४२ चा. त्याच्यावर गर्दी मावेना तेव्हा तुमचे वास्तुकार योझे प्लेचनिक यांनी तो पाडला नाही, दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्यांसाठी एकेक पूल जोडला, १९३२ साली काम पुरं झालं. हे सांगितल्यावर आई म्हणाली, ‘म्हाताऱ्याला हलवलं नाही, बाजूला दोन नातवंडं उभी केली.’ मग चौकातला कवी प्रेशेरेन यांचा पुतळा, आणि तो जिच्याकडे बघत उभा आहे ती समोरच्या भिंतीवरच्या खिडकीतली युलिया. ती काही त्याला मिळाली नाही म्हटल्यावर बाबा म्हणाले, ‘मग बघू दे की बिचाऱ्याला.’ याच कवीचं एक कडवं तुमचं राष्ट्रगीत आहे आणि त्यात शेजारी हा वैरी न राहता शेजारी व्हावा, अशी इच्छा आहे, हे मी रात्री खोलीवर वाचलं. राष्ट्रगीतात लढाई नाही, शेजारधर्म आहे. तुमचं कोपर आठवलं, आणि म्हटलं, बरोबर आहे.

बाबांचंही देणं लागतो आम्ही तुमचं. दुपारी पुन्हा तुम्हीच भेटलात आणि त्यांची कानटोपी ओळखून हसलात. चाक कुठे बघायला मिळेल, हे त्यांनी हवेत बोट फिरवून विचारलं, तुम्ही नेमकं नगर संग्रहालयाच्या दिशेला सोडलंत. गावाबाहेरच्या दलदलीत २००२ साली सापडलेलं, पाचेक हजार वर्षांपूर्वीचं लाकडी चाक आणि त्याचा आस. बाबा त्या काचेपुढून हलेनात. चाक ॲशच्या लाकडाचं, आस ओकचा, भोक चौकोनी, पाचरी ठोकून घट्ट केलेलं. ‘म्हणजे चाकाबरोबर आसही फिरायचा,’ ते मला समजावत होते, ‘आपल्या बैलगाडीसारखं नाही, रेल्वेसारखं.’ जन्मभर गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाला इतक्या जुन्या कारागिराचं काम तपासायला मिळालं आणि त्यांनी ते पास केलं. निघताना त्यांनी तुम्हाला नोट द्यायचा प्रयत्न केला. तुम्ही छातीवर हात ठेवून मान हलवलीत. त्यावर बाबांनी काय केलं ते आठवतंय ना? कानटोपी काढली. दोन दिवसांत तेवढी एकदाच.

रविवारी काहीच केलं नाही. किल्ल्यावर काचेच्या रेल्वेतून गेलो, कॉफी पिऊन आलो. मग नदीकाठच्या विलोच्या सावलीत बसून श्त्रुक्ली खाल्ले, आईने आतलं सारण उकरून त्यात काय-काय आहे याची चौकशी केली, बाबांना डुलकी लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

हे पत्र आणि आईचा पुलावरचा फोटो मी तुमच्या बससेवेच्या कचेरीकडे पाठवते आहे, सोबत तुम्हाला वाचता येईल असं केलेलं रूपही. तुमचं नाव विचारायचं राहिलं, पण कानटोपीवरून ते तुम्हाला शोधतील अशी आशा आहे.

दोघं आता साताऱ्याला पोचलेत. परवा माझा भाऊ आईला दवाखान्यात घेऊन गेला. रिक्षातून उतरवताना त्याने सवयीने तिला दंडाला धरलं, तर म्हणाली, ‘सोड. कोपर दे आणि तिकडं बघ.’ संध्याकाळी त्याचा मला फोन, ‘ताई, तिकडं म्हणजे नेमकं कुठं बघायचं असतं?’

तुमची कृतज्ञ,
सातारच्या आजींची मुलगी