तुमचं घर तारण ठेवू नका

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुमचं घर तारण ठेवून आमच्या गृहकर्जाचे थकलेले हप्ते भरायचे, असं तुमच्या मनात आहे. आईने तर मुदत ठेव मोडायचा अर्जही आणून ठेवलाय, असं कळलं. दोन्ही करू नका. का, ते सविस्तर लिहिते. फोनवर आई रडायला लागते आणि मग मला पुढचं बोलता येत नाही.

पहिली भीती आधी काढून टाका. हप्ता चुकला की दुसऱ्या दिवशी दाराला टाळं लागत नाही. आधी विलंब शुल्क लागतं, फोन येतात, पतनोंदीवर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या नोंदीवर, डाग पडतो. थकबाकी ९० दिवसांवर गेली की बँका साधारणपणे ते कर्ज बुडीत व्हायच्या वाटेवर धरतात, आणि खरी कारवाई त्यानंतरची. तिचीही रीत ठरलेली असते. भारतात थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. अमेरिकेत थकबाकी १२० दिवसांहून जुनी झाल्याशिवाय सहसा जप्तीची प्रक्रिया सुरूच करता येत नाही. इंग्लंडमध्ये लोक राहत असलेल्या घराचा ताबा घ्यायला बँकेला कोर्टात जावं लागतं. थोडक्यात, वेळ मिळतो. पण त्या वेळात व्याज चालूच असतं, दंड चढत असतो, नोटिसांचा आणि वकिलांचा खर्चही बहुधा आपल्याच खात्यात पडतो. पत्र उघडायचंच नाही असं ठरवणाऱ्या माणसाचा हा वेळ फुकट जातो. आम्ही प्रत्येक पत्र उघडतोय आणि प्रत्येकाला लेखी उत्तर देतोय.

बाबा, तुम्ही विचारलंत, इतकी वर्षं हप्ते भरले त्याचं काय? हा हिशेब मलाही जड गेला. ९ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरा. पहिल्या हप्त्यातले शंभरातले त्र्याऐंशी व्याजातच जातात. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले, तर मूळ कर्जाच्या ५४ टक्के रक्कम हातून गेलेली असते आणि मुद्दल फिटलेलं असतं जेमतेम ११ टक्के. यात कुणी फसवलेलं नाही, समान हप्त्याचं गणितच असं आहे. पण म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांत उत्पन्न थांबलं की घरमालकाला वाटतं त्याहून त्याचा घरातला वाटा फार कमी असतो.

बँकेशी बोलणं झालंय. मुदत वाढवून द्यायला ते तयार आहेत. त्याच उदाहरणात उरलेली १५ वर्षं २५ केली तर हप्ता १७ टक्क्यांनी उतरतो, पण एकूण भरणा मूळ कर्जाच्या ६१ टक्क्यांइतका वाढतो. काही काळ नुसतं व्याज भरलं तर हप्ता साधारण एक चतुर्थांशाने कमी होतो. ज्याची नोकरी चार-सहा महिन्यांत नक्की परत लागणार आहे, त्याने हे जरूर घ्यावं, आणि पहिला हप्ता चुकायच्या आधीच जाऊन मागावं. आमच्या घरातला एक पगार पूर्ण गेलाय आणि दुसरा कधी सुरू होईल ते सांगता येत नाही. एक चतुर्थांशाने आमचं भागत नाही.

म्हणून आम्ही घर विकतोय. बँकेने विकण्याआधी, स्वतःहून. लिलावात घराला भाव कमी मिळतो, कारण घेणाऱ्याला आत नीट पाहता येत नाही, पैसे घाईने उभे करावे लागतात आणि ताब्याची धास्ती असते. कर्ज आणि खर्च फिटून उरलेली रक्कम मालकाची असते, पण लिलावात उरतंच थोडं. आणि कमी पडलं, तर बऱ्याच ठिकाणी बाकीचं देणं कर्जदाराच्या मानगुटीवर राहतंच. घरही गेलं आणि कर्जही राहिलं, ही अवस्था मला सगळ्यात भयंकर वाटते. आज बाजारभावाने विकलं तर बँकेचं सगळं फिटून भाड्याच्या घराची अनामत आणि थोडी शिल्लक हातात राहते.

आता तुमच्या घराचं. तुम्ही ते तारण ठेवलंत, तर आमचं देणं मिटत नाही, फक्त पुढे ढकललं जातं, आणि एका घराच्या जागी दोन घरं टांगणीला लागतात. नुसती जामीनदार म्हणून सही केलीत तरी बँक बहुतेक ठिकाणी सगळी वसुली तुमच्याकडून करू शकते. मी चाळिशीत आहे, पुन्हा उभी राहीन. आई, तुमच्या औषधपाण्याचे पैसे या खड्ड्यात गेले तर ते भरून काढायला तुम्हाला कुठला पगार आहे? तो अर्ज फाडून टाक.

मुलांना आम्ही सांगितलंय. धाकटीला शाळा बदलेल का याचीच काळजी होती. बदलणार नाही, भाड्याचं घर त्याच भागात बघतोय.

बाबा, मदत हवीच आहे, पण वेगळी. या आठवड्यात आमचं एकूण देणं किती आहे त्याचं बँकेचं पत्र मिळेल, त्याचा फोटो पाठवते. मुद्दल, व्याज, दंड आणि इतर खर्च वेगवेगळे दाखवलेत का, आणि आम्ही मध्ये भरलेली अर्धवट रक्कम कुठे वळती केलीय, ते तुमच्या नजरेने तपासा. चूक सापडली तर लगेच फोन करा, सौदा व्हायच्या आत दुरुस्त करून घ्यायला हवी.

तुमची लेक