अर्जाची एक प्रत जपून ठेव

नौपाडा, ठाणे

चि. मुक्ता हिला अनेक आशीर्वाद.

तुझ्या फेलोशिपच्या अर्जाचा मसुदा मिळाला. सावकाश वाचला, बाबांनाही वाचायला दिला. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो गं, कळलं" म्हणतेस आणि बोलणं भलतीकडेच जातं. म्हणून लिहायला बसले.

विषयाचं नाव तू दिलं आहेस 'आगरी समाजाच्या मौखिक परंपरेचा सर्वांगीण अभ्यास'. पहिलं पान महदंबेच्या धवळ्यांवर, म्हणजे त्या जुन्या कवयित्रीच्या लग्नगीतांवर आहे, आणि तेराव्या शतकातून निघून तू नवी मुंबईतल्या घणसोलीला पोचेपर्यंत जागा संपली. दिवाळीत घरी आली होतीस तेव्हा तुझ्या मैत्रिणीच्या आजीबद्दल किती बोललीस! हळदीच्या आदल्या रात्री ती धवलारीण, म्हणजे लग्नाचे धवले गाणारी बाई, कशी बसते, कुठल्या विधीला कुठला धवला धरते, भटजी यायच्या आधीच अर्धं लग्न तिच्या गळ्यातून कसं लागलेलं असतं, आणि आता मांडवात स्पीकर सुरू झाला की ती मध्येच थांबून कशी वाट बघत राहते. हे सगळं मला ऐकल्या ऐकल्या दिसलं होतं. मसुद्यात ती आजी कुठेच नाही. तिच्या जागी 'मौखिक परंपरेचे वाहक' आले आहेत.

निवृत्त झाल्यापासून मी जुने फेलोशिपचे अर्ज वाचत असते, हे तुला ठाऊक आहे. ग्रंथालयात आयुष्य गेलं, हाताखालून गेली ती छापून, बांधून झालेली पुस्तकं. त्यांच्या आधीचा कागद, म्हणजे 'मला हे करायचं आहे, त्यासाठी एवढे पैसे आणि एवढा वेळ द्या' असं माणूस लिहितो तो, माझ्या टेबलावर कधी आलाच नव्हता. आता त्याचंच वेड लागलं आहे.

जेकब लॉरेन्स या चित्रकाराचं बघ. अमेरिकेत ज्युलियस रोझेनवाल्ड नावाच्या व्यापाऱ्याने काढलेला एक निधी होता. त्यातून १९२८ ते १९४८ या काळात प्रामुख्याने कृष्णवर्णीय लेखक, चित्रकार, संशोधक यांना फेलोशिप दिल्या गेल्या. त्या निधीचं दप्तर आज नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात आहे. राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन, छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स, सगळे त्या दप्तरात नाव होण्याच्या आधीच्या वयात सापडतात. लॉरेन्सने अर्ज केला तेव्हा तो बाविशीच्या आसपासचा होता. त्याने 'कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा सर्वांगीण वेध' असं लिहिलं नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेतून उत्तरेकडे जे लाखो लोक स्थलांतर करून गेले, त्यांची गोष्ट ४० ते ५० चित्रांत सांगेन आणि प्रत्येक चित्र १८ बाय १२ इंचांचं असेल, असं लिहिलं. आकारसुद्धा सांगून टाकला! १९४० मध्ये त्याला १,५०० डॉलर मिळाले. हार्लेममधल्या ग्रंथालयात बसून त्याने वाचन केलं, टिपणं काढली आणि पुढच्या वर्षी मालिका पूर्ण केली. चित्रं ६० झाली. आज विषम क्रमांकांची वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये आहेत आणि सम क्रमांकांची न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात.

४० ते ५० म्हणाला आणि ६० केली, म्हणून कुणी त्याला जाब विचारला नाही. पण ४० ते ५० म्हणाला नसता, तर त्याच्या डोक्यात काय आहे ते समितीला कळलं कसं असतं? तू 'शक्य तितकी गीते संकलित करण्यात येतील' असं लिहिलं आहेस. घणसोली, गोठिवली, करावे, सारसोळे यांपैकी कुठल्या गावठाणांत जाणार? किती धवलारणींना भेटणार? एका लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत सगळे धवले सलग ध्वनिमुद्रित करणार, की एकेक बाई घरी बसवून गाऊन घेणार? माझ्या मते लग्नातच करावंस, कारण घरी बसवलेली बाई आठवेल ते गाते आणि मांडवातली बाई विधी चालतो तसं गाते. पण हे तू ठरव. जे ठरेल ते मात्र आकड्यात लिही.

तू फोनवर म्हणालीस, "आई, शेवटी काय हाती लागेल ते आधीच कसं लिहू?" याला रॉबर्ट फ्रँकचा अर्ज हे चांगलं उत्तर आहे. स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेला हा छायाचित्रकार. गुगेनहाइम फेलोशिपसाठी त्याने केलेला अर्ज छापून आलेला आहे. त्यात तो मोकळेपणाने सांगतो की हे काम आधी आखून ठेवता येणार नाही, वाटेत ते आकार घेईल. पण एवढं म्हणून तो थांबत नाही. काय टिपावंसं वाटतं त्याची यादीच देतो: रात्रीचं गाव, गाड्यांचा तळ, सुपरमार्केट, हमरस्ता, तीन मोटारी असलेला माणूस आणि एकही नसलेला माणूस, शेतकरी आणि त्याची मुलं, निऑनचे दिवे, पुढाऱ्यांचे चेहरे आणि त्यांच्या मागून चालणाऱ्यांचे चेहरे, पोस्ट ऑफिसं, परसदारं. १९५५ मध्ये त्याला फेलोशिप मिळाली, पुढच्या वर्षी वाढवूनही मिळाली. त्याने अठ्ठावीस हजारांच्या आसपास छायाचित्रं काढली आणि पुस्तकात घेतली ८३. शेवटी काय हाती लागेल ते त्यालाही माहीत नव्हतं, पण कशाकडे बघणार आहे ते पक्कं माहीत होतं. तुलाही ते माहीत आहे, दिवाळीत तूच मला सांगितलंस.

तुझी दुसरी धास्ती, की तू भाषाशास्त्राची विद्यार्थिनी, गाण्यावर लिहायला निघालीस तर कोण विचारणार. इतिहासकार दा. ध. कोसंबींची आठवण ठेव. पुण्याहून डेक्कन क्वीनने टाटा इन्स्टिट्यूटमध्ये जायचे, म्हणजे ती गाडी आपल्या ठाण्यावरूनच जायची. गणिताचा माणूस, जुनी नाणी तोलून त्यांतून इतिहास काढणारा, आणि १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या फेलोशिपवर इंग्लंड-अमेरिकेला गेला तो गणकयंत्रं अभ्यासायला. विजय तेंडुलकरांचंही तसंच. नेहरू फेलोशिप घेतली ती समाजातल्या वाढत्या हिंसेचा शोध घ्यायला. नाटककाराने नाटकाबाहेर का जावं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला अडवू दिला नाही.

आता शिफारसपत्रांविषयी. तू तीन मोठ्या नावांना विचारणार आहेस असं दिसतं. त्यांतल्या दोघांनी तुझं काम वाचलेलं नाही. बाबासाहेबांच्या बाबतीतला एक पत्रव्यवहार मी वाचला होता, तो मनातून जात नाही. १९१३ मध्ये ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार. मुदत संपल्यावर लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून यावं लागलं. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना, अस्पृश्य म्हणून जो छळ झाला तो तू शाळेत वाचलाच आहेस. १९२० मध्ये ते साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यांवर पुन्हा लंडनला गेले. तेव्हा कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याबद्दल लिहिलं. फॉक्सवेलनी मग संस्थेच्या सचिवांना चिठ्ठी धाडली, तिचा आशय असा, की या गृहस्थांनी डॉक्टरेटपर्यंतचं सगळं आधीच केलेलं आहे, जिंकायला आणखी जग आपल्याकडे उरलेलं नाही. ती चिठ्ठी संस्थेच्या अभिलेखागारात जपलेली आहे. सेलिग्मननी लिहिलं ते आपल्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्याबद्दल. असं लिहू शकेल असा माणूस तुझ्याजवळ आहे. तुझ्या प्रबंधिकेचा शब्द न् शब्द तपासणाऱ्या बाईंना विचार. त्यांचं नाव वर्तमानपत्रात येत नाही म्हणून त्या लहान होत नाहीत.

आणि नकार. या अर्जांचा हा भाग मला सगळ्यात जड जातो. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीतल्या ज्यू आणि विरोधी विचारांच्या प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या मदतीसाठी एक समिती उभी राहिली. तिचं दप्तर न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे. मदत मागणारे सुमारे ६,०००, मदत मिळाली ३३५ जणांना. त्या ३३५ मध्ये गणितज्ञ एमी नोएथर आहेत. गॉटिंगेनमध्ये त्यांनी कित्येक वर्षं बिनपगारी शिकवलं होतं, तिथून काढल्यावर त्या अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेजात गेल्या आणि दोन वर्षांच्या आत वारल्या. आपल्याकडे रामन यांनी अशाच नोकरी गेलेल्या मॅक्स बॉर्न या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांना बंगळूरला बोलावलं, कायम ठेवून घ्यायची खटपट केली. ते जमलं नाही आणि १९३६ मध्ये बॉर्न एडिंबराला गेले. पण बाकीचे हजारो? कुणी भाषांचा अभ्यासक, कुणी वकील, कुणी संगीताचा शिक्षक. त्यांच्या जाडजूड अर्जाला शेवटी चार ओळींचं सभ्य पत्र जोडलेलं. काहींच्या बाबतीत, आपण काय करू इच्छितो हे त्यांनी शेवटचं नीट लिहून काढलं असेल ते याच कागदांत.

म्हणून नामंजूर अर्ज टाकून देऊ नयेत असं मला फार वाटतं. आपल्या कचेऱ्यांत कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते, कायम ठेवायचे ते अ आणि वर्षभरात काढून टाकायचे ते ड. जो नामंजूर झाला त्याचा कागद लवकर निघणार, हे ओघानेच आलं. पण एखाद्या काळात लोकांना काय शोधायचं होतं हे बघायचं असेल, तर मंजूर फायलींत फक्त समितीला काय आवडलं तेवढं दिसतं. बाकीचं सगळं नाकारलेल्या फायलींत असतं. तुझा अर्ज कुठेही पोचो, मंजूर होवो न होवो, त्याची एक प्रत तू घरी ठेवायची आहेस. शिफारसपत्रं तुला दिसणार नाहीत, ती गोपनीय असतात, पण स्वतःचा आराखडा, खर्चाचा तक्ता, पाठवल्याची तारीख आणि आलेलं उत्तर, सगळं एका फायलीत. मी इथे कपाटात जागा केली आहे.

चित्रकार गायतोंड्यांना १९६४ मध्ये जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांच्या निधीतून फेलोशिप मिळाली आणि ते न्यूयॉर्कला गेले. पन्नास वर्षांनी त्याच शहरात गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ते हयात नव्हते. फेलोशिप देणाऱ्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, त्यांनी फक्त समोरचा माणूस बघितला. याच्या अगदी उलट भाभांचं पत्र. १२ मार्च १९४४ ला त्यांनी टाटा ट्रस्टला लिहिलं, की एक-दोन दशकांत अणुशक्तीपासून वीज निघू लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेर शोधावे लागू नयेत, ते घरातच तयार असावेत. आणि ५६ च्या ऑगस्टमध्ये ट्रॉम्बेला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. वाशीच्या खाडीपुलावरून जाताना तू नेहमी फ्लेमिंगो शोधतेस, पुढच्या वेळी दक्षिणेला ट्रॉम्बेच्या डोंगराकडेही बघ. पैसे मागणारं एक पत्र किती दूरचं धरून लिहिता येतं, ते तिथे उभं आहे.

तुझ्या अर्जातही असं दूरचं काहीतरी आहे, तू ते लिहायला बिचकते आहेस. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, शेतं आणि मिठागरं गेली. गावठाणं तेवढी इमारतींच्या मध्ये राहिली. ज्या धवल्यांत भाताची कणसं आणि खाडीची भरती येते ते आता सोसायटीच्या हॉलमध्ये गायले जातात. जमीन गेल्यावर गाणं कसं बदललं, हा तुझा खरा प्रश्न आहे, तो मला तोंडी सांगितला होतास. तोच पहिल्या परिच्छेदात येऊ दे. महदंबेला तिसऱ्या पानावर मानाने बसव.

शेवटी खर्चाचा तक्ता. प्रवास, रेकॉर्डर, हार्ड डिस्क, सगळं लिहिलंस. गाणाऱ्या बायांचं मानधन कुठे आहे? लग्नात त्यांना साडीचोळी आणि दक्षिणा मिळते. तू रात्रभर बसवून घेणार आणि त्यांना काहीच देणार नाहीस, असं चालणार नाही. त्यांच्या परवानगीसाठी मराठीत साधा कागद कर, तो त्यांना वाचून दाखव, आणि ध्वनिमुद्रणाची प्रत त्यांच्या घरी द्यायची हेही आराखड्यात घाल. तेवढ्याने रक्कम वाढली तर वाढू दे.

तुझ्या मैत्रिणीच्या आजींना तुझा निरोप मी सांगितला आहे. त्या म्हणाल्या, माघात त्यांच्या भाचीच्या मुलीचं लग्न आहे गोठिवलीला, पोरीला हळदीच्या आदल्या दिवशी दुपारीच यायला सांग, रात्री आलीस तर निम्मं निघून गेलेलं असेल. तारीख पक्की झाली की कळवते. त्याआधी दुसरा मसुदा पाठव, बाबा खर्चाची बेरीज तपासून देतील.

तुझी,
आई