खेळता येईल असा किल्ला

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की पुण्याच्या पेठांमधून दगड, विटा, पोती आणि लाल माती यांची शोधाशोध सुरू होते आणि आपल्या दैनिकातही मुलांच्या किल्ल्यांची छायाचित्रे येऊ लागतात. अलीकडे मात्र रस्त्याच्या कडेला प्लास्टर ऑफ पॅरिसचे रंगवलेले तयार किल्लेही विक्रीला मांडलेले दिसतात. ते घेणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही, कारण फ्लॅटमध्ये माती कालवायला जागा नसते आणि सोसायटीच्या आवारात चिखल केला तर चिटणीसांची सूचना फलकावर लागते. या अडचणीतून आमच्या घरात एक वाट निघाली: पुठ्ठ्याचा, टेबलावर खेळता येईल असा किल्ला. ती इतरांनाही उपयोगी पडेल आणि किल्ला स्पर्धा भरवणाऱ्यांच्या कानावरही जाईल, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझा नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी दुपारी तो आणि त्याचे मित्र आमच्या जेवणाच्या टेबलावर वॉरगेम खेळतात. जेमतेम २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक टेपने इंच मोजून पुढे सरकवायचे, फासे टाकून वार लागला की चुकला ते ठरवायचे, आणि शत्रू भिंतीआड किंवा झाडीत असेल तर त्याला टिपणे अधिक अवघड मानायचे, असा हा खेळ आहे. त्यामुळे सैनिकांइतकेच महत्त्व त्यांच्या पायाखालच्या जमिनीला येते. या जमिनीला, म्हणजे टेकड्या, घरे, तटबंदी आणि झाडी या सगळ्याला, खेळणारी मंडळी ‘टेरेन’ म्हणतात. हा थाट आजचा नव्हे. १८१२ मध्ये रायस्विट्झ नावाच्या गृहस्थांनी प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या राजाला युद्धक्रीडेचे जे मेज सादर केले, त्यात प्लास्टरचे चौकोनी तुकडे होते आणि ते हवे तसे जुळवून नवनवा भूप्रदेश मांडता येत असे. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये हाच खेळ नकाशावर आणला आणि तो प्रशियाच्या सैन्यात शिरला.

आमच्याकडे राजाश्रय नाही. परदेशी बनावटीची एखादी पडकी प्लास्टिक इमारत मागवायची म्हटले तरी किंमत हजारांच्या घरात जाते. वास्तुविशारदांच्या कार्यालयात तीस वर्षे ड्राफ्ट्समन म्हणून काढलेल्या आणि पुठ्ठ्याची मॉडेले करता करता बोटे कापून घेतलेल्या माझ्यासारख्या माणसाला ते बघवले नाही. मी नातवाला घेऊन बोहरी आळीत आणि अप्पा बळवंत चौकात गेलो. आइस्क्रीमच्या काड्या, टूथपिक, सुतळी, काथ्या, स्पंज, पोस्टर कलर, फेविकॉलचा डबा आणि गणपतीच्या सजावटीतून उरलेल्या कृत्रिम गवताचा एक तुकडा एवढे सगळे घेऊनही पाचशेची नोट पूर्ण मोडली नाही. पुठ्ठा तर शेजाऱ्यांच्या नव्या फ्रीजच्या खोक्याचाच मिळाला.

स्वस्त वस्तू घेणे सोपे. ती प्रमाणात बसवणे हे खरे काम आहे आणि नवखे तिथेच फसतात. २८ मिलिमीटरचा माणूस म्हणजे साधारण १:५६ चे प्रमाण. आइस्क्रीमची काडी १० मिलिमीटर रुंद असते. ती तशीच दरवाजाला लावली तर त्या प्रमाणात फळी जवळजवळ दोन फूट रुंदीची होते, आणि असा दरवाजा किल्ल्याचा न वाटता फळकुटांच्या खोक्याचा वाटतो. म्हणून काडी पाण्यात भिजवून कटरने उभी तीन भागांत चिरायची, कडा थोड्या ओबडधोबड ठेवायच्या आणि टूथपिकच्या टोकाने काळ्या रंगाचे ठिपके देऊन खिळे दाखवायचे. आगपेटीची काडी मात्र जशीच्या तशी तुळई म्हणून शोभते. खोक्याचा पुठ्ठा किंचित ओला करून वरचा कागद सोलला की आतल्या पन्हाळी उघड्या पडतात आणि त्यांवर विटकरी रंग चढवला की कौलांच्या ओळी तयार होतात. स्पंज मिक्सरमधून काढून हिरव्या रंगात घोळला की झाडांचा पाला होतो. (या कामासाठी भांडे वेगळे ठेवावे, आमच्याकडे यावरून दोन दिवस अबोला होता.)

सर्वांत मोठा शोध टेकड्यांच्या बाबतीत लागला. दिवाळीच्या किल्ल्याला आपण उभा उतार देतो आणि मावळे मातीत खोचून उभे करतो. खेळात सैनिक सतत हलवायचा असल्यामुळे त्याचा गोल तळ सपाट जागेवर टेकावा लागतो, नाहीतर तो घरंगळतो आणि शेजारच्या चौघांना घेऊन खाली येतो. म्हणून टेकडी पायऱ्यापायऱ्यांची करावी लागते. जाड पुठ्ठ्याचे चार-पाच थर चिकटवून इंचभर उंचीची एक पायरी आणि तिच्यावर निदान ४० मिलिमीटर रुंदीची वाट, असा आमचा हिशेब आहे. पाश्चात्त्य खेळाडूंना अशा पायऱ्या थोड्या खोट्या वाटतात, असे नातू सांगतो. आपल्याकडे तसे वाटण्याचे कारण नाही, कारण सह्याद्री मुळातच थराथरांनी रचलेला आहे. लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक साचून हा बेसाल्ट झाला. त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात आणि त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आलेला आहे. पुठ्ठ्याची कड कटरने न कापता हाताने फाडली, वर फेविकॉल आणि बारीक वाळूचा हात दिला, काळा रंग दिला आणि मग ब्रशवरचा राखाडी रंग वर्तमानपत्रावर जवळपास पुसून टाकून उरलेला कोरडा ब्रश नुसत्या कडांवरून फिरवला, की सिंहगडाच्या वाटेवर दिसतो तसा कातळ टेबलावर दिसू लागतो. आपल्या दैनिकाचा हा उपयोग मी येथे जाहीरपणे कबूल करतो.

चुकाही पुष्कळ झाल्या. पहिला बुरूज पॅकिंगमधल्या थर्माकोलचा केला आणि त्यावर डब्यातला स्प्रे मारला. स्प्रेमधल्या द्रावकाने थर्माकोल विरघळत गेले आणि पाच मिनिटांत बुरुजाची चाळणी झाली. आधी फेविकॉल आणि पोस्टर कलर यांचा एक जाड हात दिला असता तर तो वाचला असता. पुढे थर्माकोलचा नादच सोडला. ते सहज मोडते, वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि २०१८ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने घातलेल्या बंदीत सजावटीचे थर्माकोलही आले होते. पुठ्ठ्याची तऱ्हा वेगळी. वरच्या अंगाला पातळ फेविकॉल लागला की तो पापडासारखा वळतो. खालच्या अंगालाही तसाच हात द्यावा आणि रात्रभर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवावा. चहाचा चोथा वाळवून पसरला तर जंगलातल्या पाचोळ्यासारखा हुबेहूब दिसतो, म्हणून मी जूनमध्ये दोन वाट्या चोथा घाईघाईने डब्यात भरला आणि श्रावणात डबा उघडला तेव्हा आत पांढऱ्या बुरशीचे वेगळेच जंगल उगवलेले होते. तो मे महिन्याच्या उन्हातच कडकडीत वाळवायला हवा. अळीव आणि मोहरी पेरून हिरवळ उगवण्याची आपली दिवाळीतली युक्ती जेवणाच्या टेबलावर करू नये, हे वेगळे सांगायला नको.

मग आम्ही उंबरखिंड मांडली. १६६१ मध्ये शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरत असताना शिवाजी महाराजांनी त्याला खोपोलीजवळच्या या अरुंद, दाट झाडीच्या खिंडीत कोंडले आणि जवळचे सगळे टाकून शरण आल्यावरच जाऊ दिले. सपाट टेबलावर ही लढाई खेळली तर मोठी फौज दर वेळी जिंकेल. मधली वाट अगदी अरुंद ठेवून दोन्ही अंगांना पुठ्ठ्याचे कडे आणि काथ्याची झाडी उभी केल्यावर मात्र खानाकडून खेळणाऱ्या नातवाला आपले सैनिक दोन-दोनच्या रांगेत चालवावे लागले, आणि अर्ध्या तासात तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “आजोबा, मला मागे वळायलाच जागा नाही.” शाळेत हा धडा त्याने दोनदा वाचला होता.

किल्ला स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि सोसायट्यांना माझी विनंती आहे की, मातीच्या किल्ल्यांच्या गटाला धक्का न लावता मेजावर खेळता येणाऱ्या किल्ल्यांचा एक छोटा गट ठेवून पाहावा. त्यात तयार प्लास्टरचा माल चालू नये आणि खर्चाची मर्यादा पाचशे रुपयांची असावी. कसबा पेठेतील कुंभारवाड्यात मिळणारे मातीचे मावळे यात वापरता आले तर फारच चांगले, मात्र आमच्या कुंभारबांधवांनी एका मापाचा एखादा संच करावा, कारण सध्या सिंहासनावर बसलेले महाराज उभ्या मावळ्याच्या दुप्पट असतात आणि दरवाजाची उंची कोणाच्या हिशेबाने ठेवायची हा प्रश्न पडतो. परीक्षणासाठी परीक्षकांनी रंगरंगोटीचे गुण शेवटी द्यावेत. आधी किल्ल्याच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर दहा सैनिक ठेवावेत, प्रत्येकाला बोटांनी उचलून पुन्हा ठेवता येते का ते पाहावे आणि मग टेबलाला एक हलका धक्का द्यावा.

आपला नम्र,
एक वाचक
नारायण पेठ, पुणे