स्ट्राउडचा दुसरा हंगाम आणि त्याच्या पुढचे पाच जण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ह्यूस्टन टेक्सन्स या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चढाई चालवणारा खेळाडू, सी. जे. स्ट्राउड याच्यावर आपल्या क्रीडा पानावर आलेला मजकूर वाचला. मराठी दैनिकात अमेरिकन फुटबॉलला एवढी जागा मिळाली याचं अप्रूप आहेच. पण 'पहिल्या वर्षी हिरो, दुसऱ्या वर्षी झिरो' हा त्यातला निकाल घाईत दिलेला वाटतो. शिवाय 'सॅक'चं भाषांतर एका ठिकाणी 'हकालपट्टी' असं झालं आहे. त्यामुळे एकाच सामन्यात या मुलाची आठ वेळा हकालपट्टी झाली आणि तरी तो शेवटपर्यंत खेळत राहिला, असं वाचायला मिळालं! सॅक म्हणजे चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन डाव सुरू होतो त्या) रेषेमागे लोळवणं. आपल्या कबड्डीतल्या पकडीशी त्याचं जवळचं नातं आहे. स्ट्राउडचा दुसरा हंगाम समजून घ्यायचा तर याच शब्दापासून सुरुवात करावी लागते, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी आकडे. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या स्ट्राउडने पहिल्या हंगामात १५ सामन्यांत ४,१०८ यार्डांचे पास, २३ टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, पोचवणं) आणि फक्त ५ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) अशी कामगिरी केली. टँपा बेविरुद्ध एकाच सामन्यात ४७० यार्ड फेकले आणि अवघे सहा सेकंद उरले असताना टँक डेलला विजयी टचडाउनचा पास दिला. २०२४ मध्ये १७ सामने खेळून ३,७२७ यार्ड, २० टचडाउन, १२ इंटरसेप्शन. पासर रेटिंग (फेकींच्या कामगिरीचा एकत्रित गुणांक) १००.८ वरून ८७ वर आलं. आपल्या लेखात एवढंच आहे, आणि ते बरोबर आहे.

पण त्याच तक्त्यातले आणखी दोन आकडे शेजारी ठेवायला हवे होते. अचूकता पहिल्या वर्षी ६३.९ टक्के होती, दुसऱ्या वर्षी ६३.२. म्हणजे जवळपास तीच. हात बिघडलेला क्वार्टरबॅक असा दिसत नाही. बदललं ते दुसरंच. दर फेकीमागे मिळणारे यार्ड ८.२ वरून ७ वर आले आणि सॅक ३८ वरून ५२ झाले. चेंडू पूर्वीइतकाच नेमका जात होता, पण लांब जायच्या आधीच फेकावा लागत होता, किंवा फेकायला वेळच मिळत नव्हता.

हा वेळ किती असतो? स्नॅपपासून साधारण अडीच सेकंद. मॅच बघताना 'एक हजार एक, एक हजार दोन' असं मनात मोजून पाहावं. दोन म्हणेपर्यंत चेंडू हातातून सुटायला हवा, तीनला समोरचा माणूस अंगावर आलेला असतो. तेवढा वेळ मिळवून देणं हे पुढच्या पाच जणांचं काम: मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. या पाचांची नावं पेपरात कधी येत नाहीत, टीव्हीवरही त्यांच्यातल्या कुणी चूक केली तरच घेतली जातात.

टेक्सन्सच्या या पाचांची घडी २०२४ मध्ये बसलीच नाही. डाव्या गार्डच्या जागेवर केनयन ग्रीन होता, तो हंगामाच्या मध्यावर खांद्याच्या दुखापतीने गेला. मग उजवा टॅकल टायटस हॉवर्ड याला आत डाव्या गार्डवर आणलं आणि त्याच्या जागी ब्लेक फिशर हा नवखा उभा केला. सेंटरही बदलत राहिला. वाचकाला वाटेल, धिप्पाड माणसंच तर आहेत, इकडचा तिकडे ठेवला तर काय बिघडलं? बिघडतं ते 'स्टंट'मध्ये. समोरच्या फळीतले दोघे धावता धावता जागा बदलतात: आतला बाहेर झेपावतो आणि बाहेरचा त्याच्या पाठीमागून वळसा घेऊन आत शिरतो. अशा वेळी गार्ड आणि टॅकल यांनी आपापला माणूस एकमेकांकडे सोपवायचा असतो. बोलायला सवड नसते, शेजाऱ्याचा खांदा कुठे वळला यावरून ओळखायचं असतं. ही ओळख सरावाने आणि बरोबर खेळलेल्या सामन्यांनी येते. ती नसेल तर दोघेही एकाच्याच मागे जातात आणि दुसरा मधल्या फटीतून सरळ क्वार्टरबॅकच्या छातीवर येतो. कडेने आलेल्या माणसाला क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकून चुकवू शकतो. मधून आलेल्याला चुकवायला जागा कुठून आणणार?

दुसरी गोष्ट पास झेलणाऱ्यांची. ६ ऑक्टोबरला बफेलोविरुद्ध ६७ यार्डांचा टचडाउन करताना निको कॉलिन्सच्या मांडीचा स्नायू दुखावला, तो पुढचे पाच सामने बाहेर. महिनाअखेरीला स्टेफॉन डिग्जच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, त्याचा हंगाम संपला. डिसेंबरात कॅन्सस सिटीत टचडाउन झेलतानाच टँक डेलचा गुडघा गेला. पहिले दोघे नसताना ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध काय झालं ते बघा: ३० फेकींतल्या फक्त ११ पूर्ण, ८ सॅक, सामना २१-१३ असा हरला. प्रतिस्पर्ध्याचं गणित साधं होतं. लांब पळणाऱ्याची धास्ती उरली नाही, की मागच्या बचावपटूंना जास्त लक्ष ठेवावं लागत नाही, आणि एखादा माणूस क्वार्टरबॅकवर सोडता येतो. आधीच घडी विस्कटलेल्या पाचांवर सहावा चालून आला तर व्हायचं तेच होणार.

तिसरा मुद्दा डावपेचांचा. दहा यार्ड पुढे जायला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न, मिळतात. पहिल्या डाउनला मधून धाव, हाती दोन यार्ड. दुसऱ्याला पुन्हा तेवढंच. मग तिसऱ्या डाउनला सहा यार्ड हवेत आणि आता पासच येणार हे स्टेडियममधल्या पॉपकॉर्नवाल्यालाही ठाऊक. अशा वेळी समोरची फळी धाव अडवायचा विचारच सोडून देते आणि थेट क्वार्टरबॅकवर तुटून पडते. डेट्रॉइटविरुद्ध मध्यंतराला २३-७ अशी आघाडी, प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक जॅरेड गॉफने पाच इंटरसेप्शन आंदण दिलेली, तरी उत्तरार्धात टेक्सन्सना एकही गुण नाही आणि पराभव २६-२३. हंगाम संपल्यावर आक्रमणाचे प्रशिक्षक बॉबी स्लोविक आणि पाचांच्या फळीचे प्रशिक्षक, दोघांनाही काढलं. (हकालपट्टी हा शब्द इथे चालला असता.)

आता स्ट्राउडच्या चुका. त्या झाकून ठेवायचं कारण नाही. मार बसायला लागला की क्वार्टरबॅक मागे सरकायला लागतो, तसा तोही सरकायला लागला. शॉटगनमध्ये (सेंटरपासून काही यार्ड मागे उभं राहून स्नॅप घेताना) तो फेकायच्या वेळी स्नॅपच्या रेषेमागे साधारण सात-आठ यार्डांवर असेल, असं गृहीत धरून टॅकल उभा असतो. कडेने येणाऱ्या माणसाला अडवून धरणं त्याला जमलं नाही, तर तो त्याला बाहेरून मोठा वळसा घ्यायला लावतो, म्हणजे तो क्वार्टरबॅकच्या पाठीमागून निघून जातो. पण क्वार्टरबॅक स्वतःच दहा यार्डांपर्यंत मागे गेला, तर तो वळसा बरोबर त्याच्यावरच येऊन संपतो. सॅक लागतो, शिव्या टॅकलला बसतात, चूक निम्मी क्वार्टरबॅकची असते. ५२ पैकी अशा जातीचे काही नक्की होते. दुसरी खोड, नजर मैदानावरून खाली, येणाऱ्या माणसाकडे जाणं. नजर खाली गेली की उघडा झालेला सहकारी दिसत नाही. आणि मागच्या पायावर वजन ठेवून फेकलेला चेंडू हवेत जास्त रेंगाळतो. १२ इंटरसेप्शनमागे नशीब थोडं आणि हे जास्त.

तरीही मुलगा संपला असं कुणाला वाटत असेल तर त्याने ११ जानेवारी २०२५ चा चार्जर्सविरुद्धचा प्लेऑफचा (बाद फेरीचा) सामना शोधून बघावा. टेक्सन्स ०-६ ने मागे, पाठीशी स्वतःचा एंड झोन, तिसरा डाउन आणि गरज १६ यार्डांची. स्नॅप खाली आला, चेंडू मैदानावर पडला. बहुतेक जण अशा वेळी चेंडूवर अंग टाकतात, आणि शिकवलेलंही तेच असतं. स्ट्राउडने तो उचलला, उजवीकडे पळाला आणि पळता पळता झेवियर हचिन्सनला ३४ यार्ड मिळवून देणारा पास दिला. उचलून सरळ होईपर्यंत त्याची नजर पुन्हा मैदानावर गेलेली होती, हे संथगतीत नीट दिसतं. ९९ यार्डांची ती चढाई कॉलिन्सच्या टचडाउनने संपली आणि सामना ३२-१२ असा जिंकला. पुढच्याच आठवड्यात कॅन्सस सिटीत पुन्हा ८ सॅक, आणि त्यातही २८ पैकी १९ पास, २४५ यार्ड, एकही इंटरसेप्शन नाही. २३-१४ असा हरलेल्या त्या सामन्यात किकरने घालवलेल्या गुणांचा हिशेब वेगळाच.

तुलना करायची तर लेखात कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक मॅहोम्सशी केलेली तुलना गैरलागू आहे. २०१८ मध्ये त्याने ५० टचडाउन केले, तो कागदावर त्याचा दुसरा हंगाम. पण २०१७ मध्ये तो अॅलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकत होता, सुरुवातीपासून खेळला तो एकच सामना. लमार जॅक्सनला २०१९ मध्ये दुसऱ्याच वर्षी एकमताने एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) हा मान मिळाला, कारण बॉल्टिमोरने अख्खं आक्रमण त्याच्या पायांना साजेसं नव्याने बांधलं. स्ट्राउडला जोड द्यायचीच तर डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटची द्या. पहिल्या वर्षी २३ टचडाउन, ४ इंटरसेप्शन. दुसऱ्या वर्षी, २०१७ मध्ये, २२ आणि १३. तेव्हाही डॅलसचा डावा टॅकल टायरन स्मिथ जायबंदी होता, आणि तो नसताना अटलांटाच्या एड्रियन क्लेबॉर्नने एकट्याने एका सामन्यात ६ सॅक घेतले. किंवा बफेलोचा जॉश अॅलन बघा: अचूकता पहिल्या वर्षी ५२.८, दुसऱ्या वर्षी ५८.८, तिसऱ्या वर्षी एकदम ६९.२. त्या तिसऱ्या वर्षी बफेलोत कोण आलं होतं? हाच स्टेफॉन डिग्ज.

स्ट्राउडच्या तिसऱ्या, म्हणजे २०२५ च्या हंगामासाठी टेक्सन्सनी बरीच मोडतोड केली. डावा टॅकल लॅरेमी टन्सिलला वॉशिंग्टनला देऊन टाकलं, शॅक मेसन आणि ग्रीनही गेले. ड्राफ्टमध्ये एरिओन्टे एर्सरी हा टॅकल आणि आयोवा स्टेट विद्यापीठाचे जेडन हिगिन्स व जेलिन नोएल हे दोघे पास झेलणारे घेतले. रॅम्स संघाकडून आलेल्या निक केली यांच्याकडे आक्रमण सोपवलं. टन्सिलला सोडणं हा जुगार होता, कारण पासच्या वेळी क्वार्टरबॅकला वाचवण्यात सगळ्या फळीत भरवशाचा तोच होता. नवे पाच जण एकमेकांच्या खांद्याची भाषा शिकेपर्यंत सॅक पडणारच. त्यामुळे पहिल्या चार-पाच सामन्यांवरून मथळा करू नये, अशी विनंती.

आणखी एक, हे आपल्या डेस्कसाठी. रविवारचे दुपारचे पहिले सामने भारतात रात्री साडेदहाला सुरू होतात आणि नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. शहर आवृत्तीत निकाल येणं कठीणच. त्यापेक्षा मंगळवारच्या अंकात छोटी चौकट दिलीत तरी पुरे: यार्ड, टचडाउन, इंटरसेप्शन आणि त्याखाली सॅक किती, आणि पाचांपैकी त्या दिवशी कोण कुठे खेळलं. यार्डांचे मीटर मात्र करू नका. 'तिसरा डाउन आणि ६.४ मीटर' वाचून कुणालाच काही कळत नाही.

आपला,
एक वाचक, ह्यूस्टन